कुरुदेशातील एक परिच्छेद

आमच्या येथे दर पंधरवड्याच्या रविवारी सहासात मराठी माणसे कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमतात आणि एखादा जुना ग्रंथ घेऊन बसतात. बहुतेक सारे नोकरीच्या निमित्ताने मुलूख सोडून आलेले. कोणी हिशेबतपासणीत, कोणी रेल्वेत, कोणी टपालखात्यात. बदलीचा हुकूम आला की एक खुर्ची रिकामी होते आणि दोनचार महिन्यांनी नवा कोणी येऊन ती भरतो. गेल्या हिवाळ्यात ध्यानाविषयीचे काही वाचावे असे ठरले, तेव्हा हिशेबखात्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही पहिल्याच बैठकीत म्हणाले, “अहो, माझ्या गुडघ्यांनी पाच वर्षांपूर्वीच राजीनामा दिला आहे. मांडी मोडली की ध्यानही मोडले, असेच जर असेल तर मी उगाच पोथी कशाला ऐकू? आणि जो मनुष्य तीस वर्षे खुर्चीवर बसून आला त्याला पुन्हा बसावयासच सांगणारे हे औषध तरी कसले?”

मंडळी हसली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण त्यामागे एक जुनाच समज दडलेला आहे. ध्यान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मूर्ती येते ती बैठी: पाठीचा कणा ताठ, डोळे मिटलेले, हातपाय जागच्या जागी. पतंजलीच्या आठ अंगांत आसन आहे, गमन नाही. मराठी मनावर तर या चित्राचा ठसा ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाने इतका खोल उमटविला आहे की तो सहजासहजी पुसणे नाही. त्या अध्यायातील ती एकान्ताची जागा, ते कुश-मृगाजिन-वस्त्राचे आसन, तो मूळबंध आणि त्यानंतर जागी होणारी कुंडलिनी, हे सर्व ज्याने एकदा वाचले त्याला योगी चालताना कल्पिणेच कठीण जाते. योगी चालू लागला म्हणजे योग संपला आणि व्यवहार सुरू झाला, अशी आपली विभागणी ठरून गेली आहे.

ही विभागणी सर्वत्र तशी नव्हती हे दाखविण्यासाठी आम्ही पाली मज्झिमनिकायातील दहावे सूत्र, म्हणजे सतिपट्ठानसुत्त, वाचावयास घेतले. तेच सूत्र काही भर घालून दीघनिकायात बावीसावे म्हणून येते. अलीकडे त्यावर पुष्कळ बोलले जाते. परंतु ज्या परिच्छेदासाठी आम्ही ते घेतले, त्याचा विचार साहित्याच्या दृष्टीने मराठीत क्वचितच होतो. तो विचार येथे थोडा विस्ताराने करावा असे वाटते.

आरंभी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण या मासिकाच्या निदान दिल्लीकर वाचकांना ती गंमतीची वाटेल. हे सूत्र काशी-मगधाकडचे नव्हे. ते कुरुदेशात, कम्मासधम्म नावाच्या गावी सांगितले असा त्याच्या प्रारंभीच निर्देश आहे. जातककथांप्रमाणे कुरूंची राजधानी इंदपत्त, म्हणजे आपले इंद्रप्रस्थ. तेव्हा हा उपदेश ज्या प्रदेशात झाला तो म्हणजे आज ज्याच्या आसपास सचिवालये, वसाहती आणि बसगाड्या पसरल्या आहेत तोच मुलूख होय. कम्मासधम्माची नेमकी जागा निश्चित झालेली नाही. परंतु दिल्लीच्या दक्षिणेस बहापूर येथे १९६६ साली अशोकाचा एक लघु शिलालेख सापडला, त्यावरून या बाजूस बौद्धांचा राबता होता एवढे तरी दिसते.

पाचव्या शतकात सिंहलद्वीपात अनुराधपूरच्या महाविहारात बसून बुद्धघोषाने या सूत्रावर जी अट्ठकथा लिहिली तिच्यात तर कुरुदेशाचे मोठे मौजेचे चित्र आहे. तेथील हवापाणी चांगले, म्हणून लोकांची शरीरे व मने निकोप. तेथील चाकरनोकरसुद्धा स्मृतीच्या अभ्यासात गढलेले. पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागी जमलेल्या बाया रिकाम्या गप्पा न मारता एकमेकींना विचारीत की, बाई, तू कोणत्या स्मृतिस्थानाचा अभ्यास करतेस? आणि जी काहीच करीत नाही असे म्हणेल तिची त्या कानउघाडणी करीत. भिक्षुणींनी पाळलेला एक पोपटसुद्धा ससाण्याने उचलून नेला असता अस्थींचे चिंतन करीत राहिला! भाष्यकाराने कुरुदेश डोळ्यांनी पाहिला असेल असे वाटत नाही. दूरदेशीच्या माणसाने दुसऱ्या मुलखाविषयी रचलेले ते गोड स्वप्न आहे. तथापि त्यातली एक गोष्ट टीकाकाराने दृष्टिआड करू नये. या अभ्यासासाठी भाष्यकाराने निवडलेली स्थळे गुहा किंवा वृक्षमूल नव्हेत. ती पाणवठा आणि चरखा आहेत. घागर भरणारी आणि सूत काढणारी बाई हात थांबवून अभ्यास करीत नाही.

आता तो परिच्छेद. सूत्राचा आरंभ श्वासाच्या निरीक्षणाने होतो आणि तेथे साधक बसलेलाच आहे. परंतु लगेच पुढच्या भागात तो उठतो. चालणे, उभे राहणे, बसणे आणि निजणे या चार ‘ईर्यापथां’त शरीर ज्या वेळी जसे असेल तसे त्याने जाणावे, एवढाच त्या भागाचा आशय. त्यातही चालणे पहिले आहे, हे ध्यानात घ्यावे. त्यापुढील भागाला ‘संपजञ्ञ’ म्हणजे पूर्ण जाण असे नाव आहे आणि त्यात जी यादी येते ती साहित्याच्या दृष्टीने आम्हांला विलक्षण वाटते. पुढे जाणे, मागे येणे, समोर पाहणे, बाजूस पाहणे, हातपाय आखडणे, पसरणे, चीवर नेसणे, पात्र उचलणे, खाणे, पिणे, चावणे, मलमूत्रविसर्जन, आणि अखेरीस निजणे, जागे होणे, बोलणे व गप्प राहणे. या यादीत उच्चनीच असा भेद नाही. देवपूजेची एक हालचाल आणि शौचाची दुसरी, असा विटाळ तेथे मानलेला नाही. गप्प राहणे हीसुद्धा एक कृती म्हणून मोजली आहे. ज्यांनी कचेरीत वरिष्ठांसमोर वर्षानुवर्षे गप्प राहण्याचा सराव केला आहे त्यांना तिचे वजन सांगावयास नको.

पाली गद्याची पुनरुक्ती पुष्कळांना कंटाळवाणी वाटते. आमच्या वर्गातही पहिल्या दिवशी एकाने पाने उलटून “हे सारे तेच ते” असा शेरा मारला. पण येथे ती पुनरुक्ती काम करते. प्रत्येक क्रियेनंतर तोच एक शब्द परत येतो आणि वाचणाऱ्याला हळूहळू कळू लागते की दिवसाचा कोणताही कोपरा सुटलेला नाही. काव्य करण्याचा यत्न नाही, उपमा नाही, फलश्रुती सूत्राच्या अगदी शेवटी. तालुक्याच्या कारकुनाने सरकारी दप्तराची नोंद करावी तशी ही नोंद आहे, आणि तिचा कोरडेपणा हाच तिचा गुण आहे.

ही यादी वाचताना गीता जाणणाऱ्या माणसाला पाचव्या अध्यायातील आठवा व नववा श्लोक आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही पाहणे, ऐकणे, स्पर्श करणे, खाणे, जाणे, झोपणे, श्वास घेणे, बोलणे, टाकणे, धरणे, डोळे उघडणे-मिटणे अशी लांबलचक मालिका आहे. सामग्री जवळजवळ एकच. परंतु तिचा उपयोग उलट दिशेचा. गीतेतील तत्त्ववेत्ता या सर्व क्रिया चालू असता आपण काहीच करीत नाही असे मानतो. इंद्रिये आपापल्या विषयांत वावरतात, मी त्यांहून निराळा. म्हणजे क्रियांची यादी केली ती त्यांच्यातून बाजूला होण्यासाठी. सतिपट्ठानात क्रियेपासून बाजूला होणे नाही, क्रियेच्या जवळ जाणे आहे. पाय उचलला तर उचललेला पाय जाणावयाचा. त्याच्यामागे अलिप्त असा कोणी उभा आहे असे समजावयाचे नाही. दोन्ही ग्रंथ अखेर ‘मी करतो’ या अभिमानावरच घाव घालतात हे खरे, पण एक वरून आणि दुसरा खालून. आमच्या पिढीला गीतेची वाट बालपणापासून पाठ असल्यामुळे दुसरी वाट तिच्यासारखीच समजण्याचा मोह होतो, आणि मराठीत या विषयावर जे सैल लिहिले जाते त्याचे मूळ बहुधा या मोहात आहे.

यावर एक सरळ आक्षेप निघतो. चालताना आपण चालतो हे कोणाला कळत नाही? त्यात साधना ती कोणती? हा आक्षेप आमच्या स्नेह्यांनी घेतलाच. परंतु तो आधुनिक नाही. अट्ठकथेनेच तो स्वतः उपस्थित केला आहे, आणि किती रोखठोकपणे! चालणारे कुत्रे आणि कोल्हेदेखील आपण चालत आहोत हे जाणतात, असे ती म्हणते. सूत्राला ते जाणणे अभिप्रेत नाही. मग अभिप्रेत काय? तर तीन प्रश्न: चालतो कोण? हे चालणे कोणाचे? आणि ते कशामुळे घडते? उत्तर असे की, चालणारा म्हणून कोणी जीव वा पुरुष सापडत नाही. चालावे असा चित्तात संकल्प उठतो, त्यातून वायुधातूचा क्षोभ होतो, त्या क्षोभाने काया पुढे सरकते. वाऱ्याने नाव जावी, प्रत्यंचेच्या बळाने बाण जावा, सूत्रधाराच्या दोरीने बाहुली हलावी तसे. यात ‘मी चालतो’ हा केवळ बोलण्याचा व्यवहार.

बुद्धघोष येथे थांबत नाही. विसुद्धिमग्गाच्या विसाव्या परिच्छेदात त्याने एका पावलाचे सहा तुकडे केले आहेत: उचलणे, पुढे नेणे, बाजूने काढणे, खाली सोडणे, टेकणे आणि दाबणे. उचलताना, पुढे नेताना आणि बाजूने काढताना तेज व वायू हे धातू प्रबळ, पृथ्वी व आप क्षीण. सोडताना, टेकताना व दाबताना याच्या उलट. आणि उचलण्यात जे रूप उत्पन्न झाले ते तेथेच विरते, पुढे नेण्यापर्यंत पोहोचत नाही. तापल्या खापरावर टाकलेले तीळ तडतडून फुटावे तसे प्रत्येक तुकड्यातले जागच्या जागी फुटून जाते. तिळांची ही उपमा आम्हांला फार आवडली. सारे विवेचन शुष्क शास्त्राचे, आणि मध्येच स्वयंपाकघरातून आलेला हा आवाज!

तरीही आमच्या मते भाष्यकाराच्या हातून येथे काही मिळाले तसे काही हरपलेही. सूत्रातला साधक चालत होता. भाष्यात तो चालण्याचे पृथक्करण करू लागला. सहा तुकडे मनात ठेवून जो पाऊल टाकील त्याचे चालणे नैसर्गिक राहणार नाही. ते मंद होईल, समारंभाचे होईल. सूत्रात मंदगतीची अट कोठेच नाही. रोजचे जाणेयेणे जसे असेल तसेच त्याला हवे आहे.

परंतु याच भाष्यकाराने ज्या गोष्टी सांगितल्या आहेत त्यांत तो मंदपणाही एखाद्या जिवंत माणसाचा होतो. एक वृद्ध स्थविर शिष्यांशी बोलत बसले होते. बोलता बोलता त्यांनी हात चटकन आखडला; मग तो पुन्हा होता तेथे नेऊन ठेवला आणि सावकाश आखडला. शिष्यांनी विचारले, तेव्हा म्हणाले की अभ्यासास लागल्यापासून मी जाण सोडून कधी हात आखडला नव्हता. आज बोलण्याच्या भरात तसे झाले, म्हणून तो परत ठेवून पुन्हा आखडला. एवढीच गोष्ट. हातून निसटलेली हालचाल परत जागेवर नेऊन ठेवणे, यात पश्चात्ताप नाही, स्वतःला ताडन नाही. चुकलेला आकडा खोडून नीट लिहावा इतकी ती साधी दुरुस्ती आहे. दुसरी गोष्ट आळिंदक येथील महाफुस्सदेव स्थविरांची. चालताना जाण सुटलेल्या मनाने पाऊल उचलले गेले तर ते मागे फिरून पूर्वीच्या जागी उभे राहत आणि तेथून पुन्हा निघत. असे त्यांनी एकोणीस वर्षे केले. वाटेने नांगरणारे, पेरणारे लोक ते पाहत आणि आपसात म्हणत, हे बुवा सारखे मागे का फिरतात? वाट चुकले, की काही विसरले? स्थविरांनी त्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. शेतकऱ्यांच्या या प्रश्नाने ती कथा एकदम सिंहलच्या धुळीच्या रस्त्यावर येऊन उभी राहते. चमत्कारांनी भरलेल्या शंभर चरित्रांत असा एक रस्ता सापडत नाही.

मग असा हा परिच्छेद मागे कसा पडला? याचे एक कारण ग्रंथाच्या रचनेतच आहे आणि ते नीट पाहिले पाहिजे. विसुद्धिमग्गात शील, समाधी व प्रज्ञा असे तीन विभाग आहेत. समाधीच्या विभागात कायगतास्मृतीचा विषय आला असता, आठव्या परिच्छेदात, बुद्धघोष स्पष्ट सांगतो की चार ईर्यापथ, संपजञ्ञ आणि धातूंचे चिंतन हे भाग विपश्यनेच्या दृष्टीने सांगितलेले आहेत. म्हणून तेथे तो केवळ शरीराच्या बत्तीस अंगांच्या चिंतनाचेच विवरण करतो. ही वाटणी त्याच्या योजनेला धरून आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला की समाधी शिकू पाहणाऱ्याने जो विभाग उघडावा त्यात चालणाऱ्या माणसाला स्वतंत्र जागा उरली नाही. तो थेट विसाव्या परिच्छेदात, फार पुढे गेलेल्या साधकांच्या प्रदेशात भेटतो. पाणवठ्यावरच्या बाईचा अभ्यास असा पंडितांच्या माडीवर चढविला गेला.

मराठीत या वाङ्मयाचे दार ज्यांनी उघडले ते धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळचे हे गृहस्थ १८९९ साली घर सोडून निघाले, काशीस संस्कृत शिकले, सिंहलद्वीपात भिक्षू झाले, ब्रह्मदेशात राहिले आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाच्या संपादनावर त्यांनी वर्षे खर्च केली. वॉरन यांनी सुरू केलेली ती आवृत्ती कोसंबींच्या संस्कारासह १९५० साली, म्हणजे कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, हार्वर्डच्या मालेत निघाली. ‘समाधिमार्ग’ हे त्यांचे मराठी पुस्तक. त्याची मर्यादा त्याच्या नावातच आहे. बुद्धघोषाच्या समाधिविभागाची वाट घेतली की चालणे बाजूस राहणारच, आणि त्याचा दोष कोसंबींना देणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांचे ‘निवेदन’ वाचताना आम्हांला एक हुरहूर लागून राहते. या माणसाइतका पायी हिंडलेला पाली पंडित आपल्याकडे दुसरा झाला नसेल. खिशात पैसा नाही, भाषा परकी, आणि पाय मात्र थांबत नाहीत. असे असून त्या आत्मचरित्रात चालणे येते ते सोसण्याचा भाग म्हणून, ज्ञानाकडे जाण्याची वाट म्हणून. स्वतः ते चालणे निरीक्षणाचा विषय म्हणून येत नाही. त्यांच्याच हातांनी शुद्ध झालेल्या ग्रंथातील विसावा परिच्छेद आणि त्यांचीच पायपीट, यांची गाठ मराठीत पडावयास हवी होती. ती पडली असती तर आमच्या स्नेह्यांना तो प्रश्न विचारावा लागला नसता.

येथे कोणी म्हणेल की, मराठी माणसाला चालण्याचे अध्यात्म शिकवावयास पालीची काय गरज? आषाढात आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरांची वाट लाखो माणसे तुडवितात, ते काय आहे? वारी ही आपली मोठी ठेव आहे यात संशय नाही. दूरदेशी असता आषाढ लागला की तिची आठवण कोणाला होत नाही? परंतु दोन निराळ्या गोष्टी एक करण्यात अर्थ नाही. वारकरी पावलाकडे लक्ष देत नाही, नामाकडे देतो. टाळाच्या ठेक्यावर पाऊल आपोआप पडते आणि शरीराचा विसर पडावा हीच तेथली धन्यता. रिंगणात, फुगडीत, पावली खेळताना देह हलतो तो देहभान जाण्यासाठी. सतिपट्ठानात देह हलतो आणि भान देहातच राहते. एकीकडे हजारांचा मेळा, दुसरीकडे एकटाच माणूस आणि त्याच्या मागेपुढे रिकामी वाट. या दोहोंत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचे काम आमचे नव्हे. एवढे मात्र म्हणावेसे वाटते की, ज्याला ‘सति’ म्हणतात तिच्यासाठी हल्ली ‘सजगता’ हा शब्द रूढ होत आहे, त्याऐवजी ‘अवधान’ हा आपला जुना शब्द पुष्कळ बरा होता. ज्ञानेश्वरांनी तो श्रोत्यांपाशी मागितला. तो आपल्याच पावलांना देता येतो, एवढेच सुचावयाचे राहिले.

गेल्या पाऊणशे वर्षांत या अभ्यासाला जी नवी चालना मिळाली ती ब्रह्मदेशातून. महासी सयादो यांनी १९४९ पासून रंगूनच्या केंद्रात जी पद्धत रूढ केली तिच्यात बसणे आणि चालणे आळीपाळीने, जवळजवळ समान वाट्याने येते, आणि पावलाच्या तुकड्यांचे निरीक्षण तेथे प्रत्यक्ष शिकविले जाते. दुसरी परंपरा सयाजी ऊ बा खिन यांची. हे गृहस्थ भिक्षू नव्हते. १९४८ साली स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचे ते पहिले महालेखापाल. हे ऐकून आमचे हिशेबखात्यातले स्नेही खुर्चीत ताठ बसले हे सांगावयास नकोच! कचेरीतल्या माणसांना त्यांनी आपल्या खात्यातच ध्यान शिकविले. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली मुंबईस पहिले शिबिर घेतले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र चालू झाले. या परंपरेत अंगावरील संवेदनांचे निरीक्षण मुख्य आणि तेही निश्चल बसून. तास तासभर न हलण्याचा निर्धार हा तिचा एक विशेष. हालचालीत जाण ठेवावी असे तेथेही सांगतात, पण चालण्याला स्वतःचा तास नाही. कामाच्या गर्दीतून दहा दिवस काढणाऱ्या गृहस्थासाठी ही योजना आखलेली आहे, आणि तिचे सामर्थ्य त्या एकाग्रतेत आहे हे उघड आहे. परंतु नेमक्या एका कचेरीतल्या माणसाच्या हातून बैठकीवर एवढा भर यावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी वाटते.

तिसरा प्रवाह अमेरिकेचा. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रोग्यांसाठी एक क्रम सुरू केला. त्यात बसणे आले, चालणे आले, आणि हठयोगातील सोपे ताणही आले. आखडलेल्या देहाला हालवून त्याच्याकडे लक्ष देणे हे तेथे प्रथमपासून उपचाराचे अंग आहे. यावर आपल्याकडील जाणकार नाके मुरडतात, की हा धर्माचा आरोग्यविभाग झाला. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे म्हणजे ठरलेल्या वाटेवर येरझारा घालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत: मनुष्य प्रवासास समर्थ होतो, उद्योगास समर्थ होतो, निरोगी राहतो, खाल्लेले पचते, आणि चालता चालता मिळविलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी चार लाभ देहाचेच आहेत! जुने लोक पचनाचे नाव काढावयास लाजत नव्हते. आमची तक्रार निराळी आहे. हल्लीच्या पुस्तकांतून ‘चालणाऱ्याला कसे वाटते’ याची चौकशी फार होते. ‘चालतो कोण’ हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. चार लाभ पदरात पडले की पाचव्याची आठवण राहत नाही, आणि कुत्र्या-कोल्ह्यांचे ते वाक्य तर कोणी छापीतच नाही.

चालणे म्हणजे बसण्याहून सोपे, अशीही एक समजूत या पुस्तकांनी पसरविली आहे. विनयपिटकातील सोण कोळिविसाची कथा तिला चांगले उत्तर आहे. चंपानगरीच्या धनिकाचा हा मुलगा इतका नाजूक की त्याच्या तळव्यांवर लव होती. भिक्षू झाल्यावर तो राजगृहाजवळ येरझारा घालू लागला तो तळवे फुटेपर्यंत. त्याची चंक्रमणाची वाट खाटिकखान्यासारखी रक्ताने भरली. मग वीणेच्या तारांचा तो प्रसिद्ध दृष्टान्त बुद्धाने त्यास सांगितला. तो सर्वांना ठाऊक असतो. त्या कथेच्या शेवटी भिक्षूंना पायताण घालण्याची परवानगी मिळाली, हे सहसा कोणी सांगत नाही. विनयाची दृष्टी अशी जमिनीवर असते. ओबडधोबड जागी चालून पाय दुखू लागले तेव्हा वाट सपाट करण्याची, मग तिला जोते बांधण्याची, कठडा घालण्याची, अखेर ऊन-थंडीसाठी छप्पर घालण्याची अनुज्ञा तेथे क्रमाने येते. ज्याला आपण ‘अंतर्मुख होणे’ म्हणतो त्याच्यासाठी लागणारे गवंडीकाम या ग्रंथाने इतक्या आस्थेने नोंदविले आहे.

बोधगयेस जाणाऱ्यांनी महाबोधी मंदिराच्या उत्तर बाजूस असलेला लांबट चौथरा पाहावा. बोधीनंतर बुद्ध जेथे येरझारा घालीत होते ती ही जागा, अशी परंपरा. पावलांच्या जागी दगडाची कमळे कोरलेली आहेत. यात्रेकरू आत जाऊन बैठ्या मूर्तीपुढे हात जोडतात आणि या चौथऱ्याला वळसा घालून निघून जातात. आम्हीही पहिल्या खेपेस तसेच केले. मूर्तिकारांनीसुद्धा हिंदुस्थानात बुद्धाला बहुतेक बसविले किंवा उभे केले. त्याला मोकळेपणाने चालता केला तो सयामातील सुखोथाईच्या कारागिरांनी. एक टाच उचललेली, हात सैल सोडलेला, असा तो बुद्ध ज्याने पाहिला असेल त्याला हा सारा लेख वाचण्याची गरज नाही.

वर्गाचे पुढे काय झाले ते सांगतो. आनंदाची कथा आम्ही अखेरीस वाचली. राजगृहाच्या संगीतीच्या आदल्या रात्री आनंद बराच वेळ कायेच्या स्मृतीत राहिला. पहाटेस आडवे व्हावे म्हणून तो कलला. पाय जमिनीवरून सुटले होते, डोके उशीस लागले नव्हते, तेवढ्यात त्याचे चित्त मुक्त झाले. चारही ईर्यापथांपैकी एकही नाही! आमच्या स्नेह्यांनी ते दोनदा वाचून घेतले. तेव्हापासून ते आपल्या वसाहतीतील घराच्या व्हरांड्यात सकाळी अर्धा तास येरझारा घालतात. व्हरांडा बावीस पावलांचा आहे असा त्यांचा हिशेब. समोरच्या घरातील पंजाबी गृहिणीने दोनतीन दिवस पाहून त्यांच्या पत्नीस विचारले की, साहेबांचे काही हरवले आहे काय?

त्यांची अडचण निराळीच आहे. सरळ जाताना पाऊल कळते, म्हणतात. पण भिंतीशी पोहोचून वळताना प्रत्येक वेळी सुटते, आणि पुढच्या चारपाच पावलांनंतर सुटले होते हे ध्यानात येते. महाफुस्सदेवासारखे मागे जाऊन पुन्हा वळावे की पुढे चालू लागावे, हा त्यांचा प्रश्न पुढल्या बैठकीसाठी ठेविला आहे. पुढे जाणे आणि मागे येणे हे दोन शब्द त्या यादीत अगदी आरंभी आहेत. वळण्याचे स्वतंत्र नाव तिच्यात नाही.